वाळवण कोणाचं?

आमच्या रिसोड तालुक्यातल्या अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात भांडण झालं. पुस्तकावरून झालं, ही तशी चांगलीच गोष्ट. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) एका पोरानं वाचायला आणलं होतं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं आणि कसं शिजत होतं, ते सांगणारं हे पुस्तक. बोलता बोलता वाळवलेल्या मांसाचा, चान्यांचा विषय निघाला आणि वर्ग फुटला. एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, "बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं ते पुन्हा छापून काय मिळवता? आपली पोरं वाचतील अन् लाजंनं मान खाली घालतील." दुसरा म्हणाला, "लाज काहून? आमचं खाणं हीच आमची अस्मिता. मी तर म्हणतो जयंतीच्या दिवशी चान्यांचं दुकान लावू."

मी त्या दिवशी गप्प बसलो. दोघंही कुठंतरी चुकतात असं वाटत होतं, पण नेमकं कुठं ते सांगता येत नव्हतं. मग पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं. मायला चार दिवस प्रश्न विचारले. त्यातून जे हाती लागलं ते मित्रांनो, तुमच्यापुढं मांडतो. पटलं नाही तर खोडून काढा.

आधी प्रस्थापितांची पुस्तकं पाहू. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 साली आलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वाटी-चमच्याच्या मापानं सांगितलेलं 'रुचिरा' आमच्याही घरात आहे. बहीण नोकरीला लागली तेव्हा तिनं ते विकत आणलं. प्रश्न असा आहे की या पुस्तकांत 'महाराष्ट्रीय स्वयंपाक' म्हणून जे उभं राहतं त्यात महाराष्ट्र किती आहे? गावकुसाबाहेरचा महाराष्ट्र त्यात शोधूनही सापडत नाही. पण नुसतं 'आमचे पदार्थ तुमच्या पुस्तकात नाहीत' अशी तक्रार करून आपलं भागणार नाही. ते पदार्थ तिथं का नाहीत याचं कारण शोधलं पाहिजे. ते कारण चवीत नाही. ते पाण्यात, तेलात आणि मिठात आहे.

उदाहरण कुरोड्यांचं घ्या. वाशीमकडं उन्हाळा लागला की गच्चीवर, खाटंवर, जुन्या लुगड्यावर पांढऱ्या कुरोड्यांच्या रांगा दिसतात. गहू तीन दिवस पाण्यात भिजत घालायचा आणि पाणी रोज बदलायचं. गहू आंबतो, फुगतो, दाबला की दूध निघतं. मग तो वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू द्यायचा. वरचं पाणी ओतून टाकायचं, खालचा घट्ट चीक मीठ घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पिळून उन्हात घालायचा. कडक वाळली की कुरोडी वर्षभर टिकते. हे शास्त्र आहे. आंबवताना जे सूक्ष्म जीव वाढतात ते आम्ल तयार करतात, त्या आम्लात सडवणारे जीव टिकत नाहीत, आणि पुढं ऊन पाणीच काढून घेतं. दूध आंबण्यामागं असे जिवंत जीव असतात हे लुई पाश्चरनं 1857 साली दाखवून दिलं. आपल्या बायांना जीव दिसत नव्हते, पण आंबलेल्या गव्हाच्या वासावरून तिसरा दिवस ओळखता येत होता.

मायला विचारलं, "आजी कुरोड्या कशा करे?"

माय हसली. म्हणाली, "बाबू, तुह्या आजीनं कुरोड्या कधी केल्याच नाहीत. आमाले प्याले पाणी भेटे ना, गहू कायचा भिजवता? अन् गहू तरी कोणाच्या घरी होता?"

'पाणी रोज बदला' एवढंच कोणत्याही पाककृतीत लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्या बाईच्या दारात आड होता, म्हणून तिला ते वाक्य लिहिताना थांबावं लागलं नाही. आजी विहिरीपासून हातभर लांब बसायची. वरून कोणी घागरीत ओतलं तर ओतलं, नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहायची. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तो हक्क पिण्याच्या पाण्याचा होता, माणूसपणाचा होता. त्या ओंजळीत गहू भिजवायचं पाणीही आलं, हे मला मायच्या एका वाक्यानं समजलं. आज आमच्या वस्तीत नळ आहे आणि आमच्या वस्तीत कुरोड्या आहेत. या दोन गोष्टींचा संबंध आहे.

लोणच्याचंही तसंच. मीठ आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा आत जात नाही आणि बुरशी धरत नाही. पण बरणी बुडेल एवढं तेल कोणाकडं होतं? आजीच्या घरी तेल दिव्यापुरतं आणि सणाच्या फोडणीपुरतं. मुगाच्या वड्या घालायच्या तर मूग लागतो, उडदाचे पापड लाटायचे तर उडीद लागतो. वाळवण म्हणजे उरलेल्याची सोय. ज्याचं उरतं तोच साठवतो. ज्याचं संध्याकाळचं सकाळी उरत नाही त्यानं काय वाळत घालावं?

आंबील मात्र आमच्याकडं होती. ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी ते आंबट झालं की पातळ शिजवून मीठ टाकायचं. ताक घालणारे घालतात. आमच्याकडं गाय कोणाची होती? ताकावाचूनही पीठ आंबतं, कारण आंबवणारे जीव दाण्यावरच असतात. दोन मुठी पिठात सहा माणसं रोजावर जायची. ती आंबीलही आता गेली. ती कोणत्या ठरावानं गेली नाही. आमच्या जिल्ह्यातली ज्वारीची शेतं सोयाबीननं घेतली आणि आंबिलीचं पीठ गेलं. सोयाबीन आंबवून खाणारे लोक जगात आहेत. जपानात नाट्टो करतात, नागालँडमध्ये आखुनी करतात. आमचं सोयाबीन पोत्यात भरून तेलाच्या कारखान्याला जातं आणि आमच्या बाया दुकानातून तेलाची पुडी आणतात.

आता चान्यांवर येतो. वर्ग फुटला तो त्यावरूनच.

गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं काम आमचं. ते गावकीचं काम, त्याला मजुरी नाही. मजुरीच्या जागी मांस. मांसात जवळजवळ तीन हिस्से पाणी असतं. वऱ्हाडातल्या उन्हात ते दुसऱ्या दिवशी नासणार. एवढं मांस एका दिवसात वस्ती खाऊन संपवू शकत नाही, आणि पुढचे पंधरा दिवस घरात काहीच नसणार. तेव्हा बाया पातळ लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. लेकरं हातात काठी घेऊन कावळे-घारी हाकलत बसायची. मीठ पाणी ओढतं, ऊन उरलेलं नेतं. पट्टी लाकडासारखी वाजायला लागली की मडक्यात भरून ठेवायची. पावसाळ्यात काम बंद पडलं की ती निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत उकळून खायची. पातळ किती कापायचं, मीठ किती, दोरी किती उंच, ढगाळलं तर काय करायचं, हे सगळं आजीला येत होतं. कोणी तिला शिकलेली म्हटलं नाही.

दक्षिण आफ्रिकेत असंच मांस 'बिल्टाँग' नावानं विकतात. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक ज्याला 'चार्की' म्हणत, त्यावरूनच इंग्रजीतला 'जर्की' हा शब्द आला. ते पुडीत भरून महाग विकलं जातं आणि खाणाऱ्याला कोणी विटाळ मानत नाही. कृती तीच, ऊन तेच, मीठ तेच. इथं त्या दोरीला जात चिकटली.

म्हणून दुसऱ्या मित्राचं म्हणणं की चान्या ही आमची अस्मिता, हे मला अर्धंच पटतं. हातातलं कसब आमचं होतं हे खरं. पण दोरीवर जे आलं ते आम्ही निवडलेलं नव्हतं. ते गावकीनं आमच्या अंगावर टाकलेलं होतं. ढोर कशानं मेलं हेही विचारायची सोय नव्हती. काळपुळीनं मेलेल्या जनावराचं मांस कितीही वाळवलं तरी त्या रोगाचे बीजाणू मरत नाहीत. मांस सोलणाऱ्या-कापणाऱ्या हातांना, खाणाऱ्या पोटांना त्याची किंमत मोजावी लागायची. जयंतीच्या दुकानात हे कुठं लिहिणार?

बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडला लोकांना सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. पुढं 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी हेच मृतमांस कसं आलं याची मांडणी केली. त्यांना चवीचं वावडं नव्हतं. त्या मांसाच्या बदल्यात आपण जे देत होतो, ते त्यांना दिसत होतं. मांस घेतलं की ढोर ओढणं आलं, ढोर ओढलं की विटाळ आला.

पण सोडणं म्हणजे काय झालं, हे आपण कधी लिहिलं का? पहिल्या मित्राला माझा हा सवाल आहे. माय सांगते, आमच्या वस्तीत मिटिंग झाली, ठराव झाला, आणि बायांनी चान्यांची मडकी आणून फोडली. आजी नंतर म्हणायची, "मडकं फोडणं सोपं होतं बाई. त्या पावसाळ्यात लेकराइले काय देऊ, थे कठीण होतं." त्या पावसाळ्यात तरोट्याची भाजी खाल्ली, पाण्यात शिजवलेली. पुढच्या हिवाळ्यात बायांनी दुसऱ्याच्या वावरातला हरभऱ्याचा पाला खुडून आणला आणि तो वाळवून मडक्यात भरला. शेंडे खुडले की हरभरा जास्त फुटतो, म्हणून मालक खुडू देत असे. चान्यांच्या मडक्याच्या जागी हरभऱ्याच्या वाळल्या भाजीचं मडकं आलं. ठराव पुरुषांनी लिहिला असेल, पण तो निभावला बायांनी. चान्यांची गोष्टच पुसून टाकली तर मडकी फोडण्याची गोष्टही पुसली जाते. मग पोरांना कळणार कसं की आपल्या आज्यांनी भुकेच्या तोंडावर काय नाकारलं?

यात आणखी एक धागा आहे, तो सुटू देऊ नका. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गाईची कत्तल बंद झालेली होती. मार्च 2015 मध्ये ती बंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली, आणि असं मांस जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. परराज्यात कापलेलं मांस बाळगण्यावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयानं मे 2016 मध्ये रद्द केली. पाटोळेंचं पुस्तक नेमकं 2015 चं. काही लोक आता म्हणतात, 'बघा, तुमच्या बाबासाहेबांनीही हेच सांगितलं होतं.' साफ खोटं. बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं ते गुलामी तोडायला. माणूस स्वतः ठरवून जे सोडतो त्यानं तो उभा राहतो. सरकार आणि जमाव त्याच्या मडक्यात डोकावून जे काढून घेतात त्यानं तो पुन्हा वाकतो. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांना सांगता आला पाहिजे. पण इतिहासाची आपल्यालाच लाज वाटत असेल तर तो सांगणार कोण?

आता पुस्तकाकडं पुन्हा वळतो. पाटोळेंचं मोठेपण मला नावातच दिसतं. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत पंक्तीला बसणाऱ्यांच्या पानात जे नव्हतं, आणि पानाभोवती जे बसू शकत नव्हते, त्यांच्या बाजूनं त्यांनी त्या वचनाला एक अक्षर लावलं, 'अ'. 2024 साली भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावानं आला. पुस्तक जगापुढं गेलं याचा आनंद आहे. पण नावातला नकार गळाला. वरचं नाव आता एखाद्या प्रदेशाच्या खाद्यपदार्थांचं वाटतं. तो 'अ' गेला तर पुढचा वाचक चान्यांकडं फक्त चव म्हणून बघेल. शहरातल्या हॉटेलात उद्या ताटलीत येईल, बाजूला दोन ओळी इतिहास, आणि सोलणारा माणूस तिथं नसेल. हा धोका लेखकाचा नाही, बाजाराचा आहे.

आपल्या साहित्याकडंही जरा कठोर होऊन बघू. 'बलुतं' (1978) पासून आपल्या आत्मकथनांत भूक आली. मेलेलं ढोर आलं, शिळे तुकडे आले. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन' (1997) मध्ये लग्नाच्या पत्रावळींवरचे पुऱ्यांचे तुकडे खाटंवर वाळवून ठेवतात आणि पावसाळ्यात भिजवून, उकळून खातात. वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण आमच्या घरी भाकरीचे कुटके असेच वाळायचे. हे सगळं लिहिलं गेलं ते फार मोठं काम झालं. तरी एक गोष्ट राहिली. आपण भूक लिहिली ती खाणाऱ्या पोराच्या बाजूनं. वाळवणाऱ्या बाईच्या हाताला काय येत होतं, ते फार थोडं लिहिलं. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये, उर्मिलाताई पवारांच्या 'आयदान' मध्ये चूल दिसते, बाईचे कष्ट दिसतात. आपण समीक्षा करणाऱ्यांनी त्यातली वेदना उचलली आणि कसब तिथंच ठेवून आलो. मीही त्यातलाच. आजी होती तोवर मी तिला सभेच्या गोष्टी विचारल्या, मडक्याची एकदाही विचारली नाही.

पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन 2009 साली 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' हे काम केलं. दलित बायांकडं जाऊन खाण्याच्या आठवणी विचारल्या. म्हणजे हे होऊ शकतं. पाटोळ्यांनी मराठवाड्याचं लिहिलं. आमच्या वऱ्हाडाचं, वाशीम-मंगरूळपीर-मानोऱ्याकडचं आपणच लिहायचं आहे. दुसरं कोण लिहिणार?

माझं म्हणणं थोडक्यात असं. चान्या पुन्हा वाळत घालायच्या नाहीत आणि चान्यांची आठवण पुरायचीही नाही. वही घ्या आणि म्हाताऱ्या बायांकडं जा. फक्त कृती लिहून आणू नका. विचारा, पाणी कुठून आणत होता? मीठ उधार होतं का? ढोर कोणी ओढलं, कातडं कोणी नेलं, पैसा कोणाला मिळाला? कोणत्या साली सोडलं, आणि त्या पावसाळ्यात काय खाल्लं? एवढं ज्या पाककृतीखाली लिहिलेलं नसेल ती अपुरी समजा, मग ती 'रुचिरा'तली असो की आपल्या माणसाच्या पुस्तकातली.

आणि एक वाळवण विसरू नका. 1956 च्या ऑक्टोबरात आजी नागपूरला निघाली तेव्हा फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी होती. भाकरी वाळल्या तरी खाता येतात, आणि जवस खमंग भाजून मिठा-तिखटात कुटलं की चटणी पंधरा दिवस बिघडत नाही. दीक्षा घेऊन परत येईपर्यंत ती शिदोरी पुरली. आजही 6 डिसेंबरला आमच्या भागातल्या बाया चैत्यभूमीला निघतात तेव्हा पिशवीत तीच चटणी असते. माय म्हणते, "तवा पयल्यांदा आमी आमच्या मनानं बांधून नेलं, आमच्या कामासाठी."

अभ्यासवर्गाच्या पुढच्या बैठकीत मी हेच वाचणार आहे. भांडायला या. येताना आपापल्या आजीला एक तरी प्रश्न विचारून या. जयभीम.